पंखा बंद करून ऐकायचा अल्बम : व्रिऊन

पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी इअरफोनची वायर हलवून बघितली. मग पिन काढून ओढणीला पुसली, परत घातली. टिक... टिक टिक... टिक. म्हटलं गेला हा पण, वर्षातला तिसरा. दुसरा जोड लावला तर त्यातही तेच, तेव्हा कुठे कळलं की टिकटिक अल्बममध्येच आहे, मुद्दाम आहे, आणि वर त्या टिकटिकीला चांगला ठेका आहे.

तर 'व्रिऊन', २००२ चा. करणारे दोघं. एक रिउइची सकामोतो, जपानचा, १९७८ ला यलो मॅजिक ऑर्केस्ट्रा या बँडमधून सिंथेसायझर घराघरात पोचवणाऱ्यांपैकी आणि पुढे 'द लास्ट एम्परर' सिनेमाच्या संगीतासाठी ऑस्कर घेतलेला. दुसरा अल्वा नोतो, खरं नाव कार्स्टन निकोलाय, पूर्व जर्मनीत जन्मलेला, शिकला लँडस्केप आर्किटेक्चर म्हणजे बागा-मैदानांची आखणी, आणि करतो काय तर कॉम्प्युटरवर आवाजाचे बारीक बारीक तुकडे. सकामोतो तेव्हा न्यूयॉर्कला राहायचा, हा जर्मनीत. सकामोतोने पियानो वाजवून रेकॉर्डिंग पाठवायचं, निकोलायने ते कापायचं, ताणायचं, मधे मधे साइन वेव्ह, म्हणजे कॉम्प्युटरने काढलेले एकदम साधे सूर, पेरायचे. झाला अल्बम.

आता घरून काम सगळेच करतात म्हणून त्याचं काही वाटत नाही पण तेव्हा हे नवीनच होतं. त्याच सुमारास अमेरिकेतही दुसऱ्याच दोघांनी एकमेकांना पोस्टाने टेपा आणि सीड्या पाठवून एक अल्बम केला, बँडचं नावच पोस्टल सर्व्हिस ठेवलं, तर तिथल्या पोस्ट खात्याने नावावरून नोटीस धाडली आणि मग मिटवामिटवी अशी झाली की बँडने पोस्टाची जाहिरात करायची आणि पोस्टाने त्यांची सीडी विकायची! पण ते गाणी असलेलं, गुणगुणता येणारं प्रकरण आहे. व्रिऊनमध्ये गुणगुणायला काही नाही. शब्द नाहीत, ढोल नाही, बऱ्याच वेळा तर आवाजही नाही.

आणि इथेच पंख्याचा प्रश्न येतो. हा अल्बम पंख्याखाली ऐकता येत नाही, खरंच सांगते. आमच्या हॉलमधला पंखा तीनवर असला की जी घरघर असते ना, जी आपल्याला एरवी जाणवतसुद्धा नाही, तिच्यात याचा निम्मा माल बुडतो. मी नेमका मे महिन्यात ऐकायला घेतला, पंखा बंद करून दहा मिनिटं घामाघूम होऊन बसले आणि सोडून दिला. परत लावला तो डिसेंबरात, रात्री बारानंतर, खिडकी लावून, आणि फ्रिजचा कॉम्प्रेसर थांबला त्या मधल्या शांततेत मला हा अल्बम पहिल्यांदा 'ऐकू' आला.

पहिला तुकडा, उऊन एक (उच्चार मी माझ्या मनाने करतेय, उऊन, ड्युऊन, त्रिऊन, म्हणजे एक-दोन-तीन असं काहीतरी असावं). पियानोचा एक कॉर्ड (एकदम वाजवलेले काही स्वर) येतो. वाजवलेला वाटत नाही, सावकाश ठेवून दिल्यासारखा. तो विरत जातो, आपल्याला वाटतं आता दुसरा येणार, पण नाही येत. विरता विरता त्याची शेपटी निकोलाय धरतो आणि ती शेपटीच थरथरत लांब लांब जात राहते, मग खालून एक हुंकार येतो जो कानापेक्षा छातीत जास्त कळतो, आणि मग केव्हातरी दुसरा कॉर्ड, तोवर आपण पहिला विसरलेलो. हा खालचा हुंकार मोबाईलच्या स्पीकरवर वाजतच नाही बरं का, एवढ्याशा स्पीकरला तेवढं खालचं काढताच येत नाही, त्यामुळे फोनवर लावून 'यात आहे काय' म्हणणाऱ्यांचं बरोबरच आहे, त्यांना अर्धाच अल्बम मिळतोय.

लहानपणी सहा वर्षं गाणं शिकलेय, त्यामुळे माझं डोकं लगेच तानपुऱ्याकडे गेलं, की चला, मागे सूर धरलाय. पण नीट ऐकलं तर सगळं उलटं आहे. तानपुऱ्याची अख्खी मजा जवारीत, तारेच्या त्या गुंजण्यात. तारेखाली दोरा सरकवत बसायचं, आणि लागला की एका तारेतून इतके स्वर निघतात की न लावलेला गंधारपण ऐकू येतो. साइन वेव्ह म्हणजे हे सगळं काढून टाकलेला स्वर, एकच एक, उपस्वर शून्य. जवारी नसलेला सा. एरवी कंटाळवाणा वाटला असता, पण पियानोच्या शेजारी तो ठेवला की पियानो एकदम माणसासारखा वाटायला लागतो, त्याचा लाकडाचा आवाज, तारेचा आवाज, दोन स्वरांच्या मधला श्वास, सगळं पुढे येतं. हे मला फार आवडलं.

वरच्या टोकाला काही स्वर इतके बारीक आहेत की वयानुसार कोणाला येतील कोणाला नाही. एकदा स्पीकरवर लावला होता तर आई आतून ओरडली, "अगं इन्व्हर्टर बीप करतोय का बघ, पाणी घालायचं राहिलंय त्यात." बाबा म्हणाले कुठे काय वाजतंय. मग दोघांचं त्यावरून सुरू झालं, तुम्हाला हल्ली कमी ऐकू येतं वगैरे, आणि मी आपली गप्प.

आता तक्रार. दोघांचा अल्बम म्हणतात खरं, पण जुगलबंदी ही नाही. जुगलबंदीत एकाने जागा घेतली की दुसऱ्याचे डोळे चमकतात, तो त्याला उत्तर देतो, उत्तराला परत उत्तर. इथे सकामोतो वाजवून मोकळा, फाइल गेली, नंतर कात्री निकोलायच्या हातात. एकाने पत्र लिहायचं आणि दुसऱ्याने त्याच पत्राच्या समासात लिहित बसायचं असं आहे हे. ड्युऊनमध्ये मला ते खुपतंच, टिकटिक स्वतःत इतकी रमते की पियानो पाहुणा होऊन कोपऱ्यात बसतो.

पण मग पुढे या दोघांनी समोरासमोर केलेला 'ग्लास' ऐकला (२०१८ ला आला, अमेरिकेत कनेटिकटमध्ये फिलिप जॉन्सन या आर्किटेक्टने बांधलेलं काचेचं घर आहे, तिथे बसून आयत्या वेळी वाजवलेला, घराच्या काचासुद्धा वाजवल्यात) आणि माझं मत फिरलं. ग्लासमध्ये दोघं एकमेकांना फार सांभाळून घेतात. कोणीच कोणाला अडवत नाही. व्रिऊनमध्ये निकोलायला समोर बसलेल्या मोठ्या माणसाची भीड नव्हती, म्हणून त्याने बिनधास्त कापलं. समोर पियानोवर सकामोतो बसला असता तर त्याचा स्वर असा मधेच तोडायची हिंमत कोण करेल.

उरलेल्यात नून पटकन विसरले, उऊन दोन झोपेसाठी उत्तम. सगळ्यात भारी त्रिऊन एक, ज्यांना धीर नाही त्यांनी थेट तिथून सुरुवात करा, टिकटिकीचा ठेका पियानोला खऱ्या अर्थाने चालवतो तो तिथे. पेटी वाजवणाऱ्या बाबांना मी तोच ऐकवला होता, म्हणाले, "सुरात आहे गं, पण वाजवताना मधेच कुठे उठून जातो हा माणूस?"

२०२२ ला हा परत निघाला तेव्हा मी सीडी मागवली. कव्हरचा कोपरा चेपून आली, दुकानाला दोन मेल केले, उत्तर नाही, सीडी वाजते म्हणून नाद सोडला. पैसे वाचवायचे तर स्ट्रीमिंग चालेल, मात्र इअरफोन वायरवाले घ्या आणि लोकलमध्ये चुकूनही लावू नका. दहापैकी आठ, दोन ड्युऊनचे कापले.

आवडलाच तर पुढे २००५ चा 'इनसेन' घ्या. (दोघांनी मिळून केलेल्या पहिल्या पाच अल्बमांची पहिली इंग्रजी अक्षरं जोडली की व्हायरस होतं.) इनसेन नावाची एक जपानी स्वरपट्टी आहे, सा, कोमल रे, म, प, कोमल नी. म्हणजे आपला सकाळचा राग बैरागीच की! त्या नावावरून मी सकाळी सहाला लावून बघितला, पंखा अर्थातच बंद, तर खाली दूधवाल्याची स्कूटर.