पाटी 25 केव्हीएची, दम 15चा

जुना जनरेटर घ्यायला निघाला असाल तर आधी त्याची पाटी कशी बसवलीय ते बघा. तिच्यावर काय लिहिलंय ते नंतर.

विट्याजवळ आमचं बंदिस्त पोल्ट्री शेड आहे. एप्रिल-मेमध्ये लाइट गेली आणि पंखे थांबले की पक्षी पटापट माना टाकतात, त्यामुळे जनरेटरवाचून इलाज नाही. व्यापाऱ्यानं 25 केव्हीएचा सेट दाखवला; केव्हीए म्हणजे जनरेटरची ताकद मोजायचं माप. हॉस्पिटलचा, जेमतेम चाललेला, म्हणे. मीटरवर चाललेले तास कमी, रंग कोरा करकरीत. सर्व्हिस बुक मात्र 'हॉस्पिटलातच राहिलं'. आम्ही पोचलो तेव्हा मशीन आधीच चालू होतं. "पाहुणं, आवाज ऐका नुसता!" इथंच पाणी मुरत होतं. पिस्टनच्या झिजलेल्या रिंगांचं दुखणं थंड इंजिन सुरू करताना लगेच कळतं.

शेडवर चार-पाच पंखे चालायचे, पुढचा लावला की सगळ्यांचाच आवाज बसायचा. व्यापारी फोनवर म्हणाला, मोटर सुरू होताना पाच-सहा पट करंट ओढतेच. खरंय ते. पण थ्री फेज 25 केव्हीए म्हणजे फेजला साधारण 35 अँपिअर, आणि आमचा सेट एकेक पंखा चढवत नेला तरी करंट मोजायच्या क्लॅम्प मीटरवर विशीच्या पुढं धापा टाकत होता.

शेवटी रिवाइंडिंगवाल्याला बोलावलं. पाटीचे रिव्हेट नवे, बाजूला जुनी भोकं लांबी भरून रंगवलेली. इंजिनाचा नंबर ग्राइंडरनं घासलेला. अल्टरनेटरच्या, म्हणजे वीज तयार करणाऱ्या भागाच्या, वाइंडिंगवरचं वार्निश खरवडलं तर आत तांब्याऐवजी पांढरी ॲल्युमिनियमची तार. चालू इंजिनाचं ऑइलचं झाकण काढल्यावर भसाभसा धूर, म्हणजे रिंगा झिजलेल्या. तासांचा मीटर काय, बाजारात सुटा मिळतो.

पोलीस ठाण्यात पावती दाखवली. कच्ची होती, जीएसटी वाचवून देतो म्हणून त्यानंच गळ्यात मारलेली. तिच्यावर एवढंच: 'जुनं डिझेल मशीन, आहे त्या स्थितीत.' केव्हीएचा पत्ताच नाही.

न सांगता जा, इंजिनाला हात लावून गार आहे का बघा. वायरमन सोबत न्या, पुऱ्या लोडवर तासभर चालवायला लावा. इंजिन आणि अल्टरनेटरचे नंबर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला विचारून घ्या आणि केव्हीएसकट पक्क्या बिलावर लिहून मागा. 'दुसरं गिऱ्हाईक थांबलंय' म्हणाला, तर खुशाल त्याला देऊ द्या.