त्याने माइक हलवला आणि मी बघत राहिले

सबवूफर (बास, म्हणजे खालचे जाड सूर वाजवणारा स्पीकर, थोडक्यात ‘सब’) ‘ट्यून’ करून देतो म्हणणाऱ्या एका माणसाने मला ५५,२०० चा गंडा घातला. आकडा लपवणार नाही. पाहणीचे ३,५००, भिंतीवर लावायच्या फोमच्या १२ तुकड्यांचे १४,४००, ‘खास’ केबलचे ६,८००, कॅलिब्रेशनचे (माइकने मोजून आवाज जुळवण्याचे) ९,००० आणि जुना सब देऊन मोठा घेताना वर मोजलेले २१,५००.

मी डोळे मिटून पैसे दिले नव्हते. मॅन्युअल वाचलं होतं. क्रॉसओव्हर (ज्याच्या खालचे सूर सबकडे जातात ती सीमा) ८० हर्ट्झला होता, फेज (सबचा आवाज बाकी स्पीकरांशी जुळवायची कळ) ० आणि १८० दोन्ही करून पाहिली होती. तरी सोफ्यावर बसलं की खालचा बास गायब. दोन महिने डोकेफोड करून थकल्यावर जाणकार वाटणाऱ्या माणसाला बोलावलं. कोणीही हेच केलं असतं.

त्याने एक मिनिट ऐकलं आणि म्हणाला, “मॅडम, तुमच्या सबमध्ये दमच नाही.” हे वाक्य ऐकलंत तर तिथेच थांबवा त्याला. आमचा सब मागच्या भिंतीपाशी उभं राहिलं तर जमीन हादरवत होता, हे मला ठाऊक होतं. पण तो इतक्या ठामपणे बोलला की मी माझ्याच कानांवर शंका घेतली.

आणि मग ते झालं, जे आठवलं की अजून रात्री झोप लागत नाही. ‘आधीचा’ आलेख, म्हणजे कोणता सूर किती जोरात ऐकू येतो त्याचं चित्र, त्याने सोफ्यावर माइक ठेवून काढला. ३४ हर्ट्झपाशी खोल खड्डा. फोम लावला, नवा सब जोडला आणि ‘नंतरचा’ आलेख काढण्याआधी माइकचा स्टँड उचलून मागच्या भिंतीला नेला. माझ्या डोळ्यांदेखत. मी विचारलंसुद्धा, “तिकडे का?” “तिथे रीडिंग स्वच्छ येतं.” खड्ड्याच्या जागी डोंगर दिसला आणि मी पैसे पाठवले. मोजमाप बसायच्या जागीच व्हायला हवं, एवढं साधं मला त्या क्षणी सुचू नये?

खरं कारण नंतर मीच शोधलं. खोली ५ मीटर लांब. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. ३४३ ला लांबीच्या दुपटीने भागलं की ३४ येतात. तो सूर समोरच्या आणि मागच्या भिंतीशी दणकून वाजतो आणि बरोबर मध्यावर जवळजवळ नाहीसा होतो. आमचा सोफा नेमका मध्यावर! सब कितीही मोठा आणा, खड्डा तिथेच राहणार. ईक्यूनेही (एकेक सूर कमी-जास्त करायच्या सेटिंगनेही) तो भरत नाही, अँप्लिफायरवर ताण मात्र येतो. आणि त्या सुराची लाट १० मीटर लांब, तिला दोन इंची फोम काय अडवणार?

सोफा ६० सेंटिमीटर मागे सरकवला. बास आला. फुकट.

तुम्ही आधी हे करा: सब तात्पुरता बसायच्या जागी ठेवा, बासचे सूर लावा आणि भिंतीकडेने रांगत ऐका. जिथे सगळे सूर सारखे ऐकू येतील, तिथे सब न्या. घुरघुर येत असेल तर महागडी केबल घेण्याआधी सेट-टॉप बॉक्सची केबल काढून बघा. आमची घुरघुर तिथूनच येत होती. घुरघुर घालवायला अर्थिंगची पिन काढा असं कोणी सांगितलं तर त्याला घराबाहेर काढा.

तक्रारीचं काय विचारता. पोलीस म्हणाले, वस्तू मिळाली ना, मग हा दिवाणी मामला. बँक म्हणाली, पैसे तुम्हीच पाठवलेत. ग्राहक तक्रारीच्या कार्यालयात तीन खेपा झाल्या. पहिल्यांदा बिलाची प्रत हवी, दुसऱ्यांदा प्रत अस्पष्ट, तिसऱ्यांदा संबंधित माणूस रजेवर. बिलावर ‘ऑडिओ साहित्य व सेवा’ एवढंच आहे, त्यात फसवणूक कुठे, असंही विचारलं. दोन्ही आलेख टेबलावर ठेवले. एकानेही नीट पाहिले नाहीत! माइक हलवला हे सिद्ध करा म्हणे. मी काय कॅमेरा लावून बसायचं होतं?

हो, लावा. मोजणी चालू असताना मोबाइलवर व्हिडिओ घ्या, माइक कुठे ठेवला ते बिलावर लिहून सही घ्या आणि जुना सब घराबाहेर जाऊ देऊ नका. माझा चांगला, धडधाकट सब तो २१,५०० वर घेऊन गाडीत घालून गेला, आणि आता फोन उचलत नाही.