ज्यानं भाव केला नाही त्यानंच बुडवलं

लाज वाटते लिहायला, पण लिहितोय, कारण हा माणूस आता दुसऱ्या कुणासमोर गोड बोलत बसला असणार. माझं स्टील रॅकचं छोटं वर्कशॉप आहे, मी आणि चार कामगार. त्याची पहिली ऑर्डर १८,००० ची, दुसरी ३१,५०० ची, दोन्हीचे पैसे त्याच दिवशी रोख. पुढचं तुम्हाला कळलंच असेल. मलाही कळायला हवं होतं.

पहिल्या वेळी त्यानं २०० रुपयांसाठी अर्धा तास घासाघीस केली, वेल्डिंगवर नख फिरवून बघितलं, एक नट ढिला निघाला तर तो काढून माझ्या हातावर ठेवला. आणि तिसरी ऑर्डर ४,१२,००० ची, जीएसटी ७४,१६० धरून ४,८६,१६०, तिचं कोटेशन त्यानं नुसतं बघितलं आणि म्हणाला, "चालेल, घ्या कामाला." एक रुपया कमी करा म्हणाला नाही! आमचा वेल्डर तेव्हाच बोलला, "शेठ, यानं भाव कसा नाही केला?" मी त्यालाच झापलं. अरे, ज्याला पैसे द्यायचेच नाहीत तो भाव कशाला करेल. मी काही नवखा नाही हो, नऊ वर्षं झाली धंद्याला, पण दोन महिने काम नव्हतं आणि पगार तोंडावर आलेले.

ॲडव्हान्स ५०,००० खात्यात आले, बाकी ४,३६,१६० चा चेक. "साहेब, आज टाकू नका, सोमवारी पेमेंट येतंय," मग महिनाअखेर, मग वडील आजारी, आणि मी माणुसकी दाखवत बसलो, असं करता करता तीन महिने उलटले, चेकची मुदत संपली आणि त्याची रद्दी झाली. बाउन्स झाला असता तर ३० दिवसांत नोटीस देऊन १३८ ची, म्हणजे चेक बाउन्सची, केस तरी टाकता आली असती. कुणी कितीही रडलं तरी चेक तारखेला टाका. आणि गिऱ्हाइकाचा जीएसटी नंबर पोर्टलवर टाकून बघा, लॉगिनही लागत नाही. मी नंतर बघितला, रजिस्ट्रेशन चार महिन्यांपूर्वीचं, आणि हा बारा वर्षांच्या धंद्याच्या गप्पा मारत होता.

पोलिसांकडे तीन चकरा. "सिव्हिल मॅटर आहे, कोर्टात जा." एकानं तर विचारलं, उधार दिलंच कशाला? नव्या कायद्यात फसवणुकीचं कलम ४२० चं ३१८ झालं, पण यांचं उत्तर तेच. अर्जाची पोचसुद्धा देईनात. छोट्या धंद्यांच्या थकलेल्या पैशांसाठीच्या सरकारी पोर्टलवर, एमएसएमई समाधानवर, गेलो तर म्हणे उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी, माल दिल्याच्या आधीचं पाहिजे. ते फुकट असतं, आजच करून टाका. आणि जीएसटीचं तर विचारूच नका, बिल फाडलं ना मग टॅक्स भरा, पैसे आले की बुडाले याच्याशी त्यांना देणंघेणं नाही, म्हणजे बुडालेल्या पैशांवरचा टॅक्सही मीच भरला. उशीर झाला की नोटीस पाठवायला माझा पत्ता यांना बरोबर सापडतो, त्याचा मात्र कुणालाच सापडत नाही.