स्पार्कलिंग (फेसाळणारी) वाईन गार कशात करायची: फ्रिज की बर्फाची बालदी?

होमस्टे चालवणारे किंवा थर्टीफर्स्टला घरी दहा-पंधरा माणसं जमवणारे, त्यांच्यासाठी लिहितोय. ब्रँडच्या वादात पडत नाही, सुला घ्या नाहीतर शँडन, दोन्ही नाशिकच्याच. माझा मुद्दा बाटली उघडायच्या आधीचा आहे, कारण नीट गार झालेली बाटली निमूट उघडते आणि कोमट बाटलीचं बूच हातात थांबत नाही. आत साधारण पाच-सहा बार प्रेशर असतं, गाडीच्या टायरच्या दुपटीहून जास्त, ते थेट डोळ्यात गेलं तर काय होईल ते सांगायला नको.

फ्रिजची सोय मोठी आहे, ते मान्यच. रात्री आत ठेवली की विषय संपला, आणि नाशिकहून घाट उतरून गाडीत हिंदकळत आलेली बाटली तशीही रात्रभर शांत पडलेली बरी. इन्व्हर्टर असेल, ड्रिंक्ससाठी वेगळा फ्रिज असेल तर पुढचं नाही वाचलं तरी चालेल.

पण आपल्याकडचा फ्रिज म्हणजे कसा, खाली सुरमई, वर सोलकढीचं पातेलं, दाराला पाण्याच्या बाटल्या, आणि पाहुणे आले की दर पाच मिनिटांनी कोणीतरी दार उघडं टाकून आत बघत उभं. त्यात संध्याकाळी लाईट जाणार. तेही एकवेळ सोसलं असतं. मला खरा वैताग आला तो वेगळ्याच गोष्टीचा, बाटली गार झालीय की नाही हे हाताला आणि डोळ्याला कळतच नाही. किनाऱ्यावरची हवा इतकी दमट की जेमतेम गार झालेल्या बाटलीलाही बाहेर काढल्या काढल्या घाम फुटतो, काच ओली, बघणारे म्हणणार वा काय चिल्ड आहे, आणि आतली वाईन सोळा-सतरा डिग्रीला! मग बुचावरची तार सोडवली की फस्सकन अर्धा ग्लास टेबलक्लॉथवर. देशावरच्या कोरड्या हवेत कदाचित हा घोळ एवढा होत नसेल, इथे हमखास होतो.

बालदीत ही शंकाच उरत नाही. अर्धा बर्फ, अर्धं पाणी, आणि त्यात गळ्यापर्यंत बाटली. नुसता बर्फ घालू नका, मधल्या फटीत हवा राहते आणि बाटली हळू गार होते, पाणी मात्र सगळीकडून चिकटतं. अर्ध्या तासात काम होतं. घाई असेल तर दोन मुठी जाडं मीठ टाका, पण मग घड्याळावर लक्ष ठेवा, विसरलात तर वाईन गोठायला लागेल. (फ्रीझरमध्ये तर बिलकुल नको, बाटली फुटते.) बंदरावर बर्फाची लादी मिळते ती या कामाला एकदम झकास, फक्त तोच बर्फ कोणाच्या ग्लासात घालू नका म्हणजे झालं.

बालदीचे तोटेही आहेत, नाही असं नाही. बर्फ आणायला कोणीतरी पाठवावं लागतं, लेबल सुटून पाण्यात तरंगतं, पडवीत पाणी पाणी होतं, आणि ओली बाटली हातातून सटकते. त्यामुळे जाड नॅपकिन हवाच, पण तो तसाही लागतोच. बाटली पुसायची, फॉइल काढायचं, अंगठा बुचावर दाबून तारेची कडी सहा अर्धे वेढे सोडवायची आणि तार काढायची नाही, तशीच राहू द्यायची. वरून नॅपकिन, बाटली पंचेचाळीस अंशात तिरकी, तोंड माणसांकडे नाही, पंख्याकडे नाही, ट्यूबलाइटकडेही नाही. बूच घट्ट धरून बुडाकडून बाटली फिरवायची. फट्ट आवाज आला नाही, हलकं फुस्स झालं तर तुम्ही जिंकलात. पोरांना आवाज हवा असतो, त्यांना लवंगी लावू दे.

ओतताना ग्लास बिअरसारखा तिरका धरला तर बुडबुडे जास्त टिकतात, फ्रान्समधल्या रीम्सच्या संशोधकांनी २०१० साली हे मोजून दाखवलंय, आणि वाईन जितकी गार तितका गॅस कमी उडतो हेही त्यातच आहे, म्हणजे बालदीला आणखी एक मत. पहिल्यांदा दोन बोटं, फेस बसला की मग बाकीचं. एका बाटलीत सहा ग्लास होतात. साबणाचा वास राहिलेल्या ग्लासात बुडबुडे धड येत नाहीत, तेवढं बघा.

आणि दुसरी फेरी! फ्रिजमधून काढून टेबलावर ठेवलेली बाटली इथल्या उकाड्यात गप्पा रंगेपर्यंत कोमट, मग ती परत आत ठेवा, परत काढा. बालदी टेबलाशेजारीच असते. उरलीच तर गळ्यात चमचा अडकवून काही होत नाही, मूळ बूच फुगलेलं असतं, ते परत जात नाही, त्यापेक्षा खटक्याचं स्टॉपर घेऊन ठेवा, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तरी फेस राहतो.