लॅपटॉप तोच, वायफाय कार्ड दुसरं

इंटेलचं ड्युअल बँड वायरलेस-एसी ७२६० हे २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन्ही पट्ट्यांवर चालणारं वायफाय कार्ड मी माझ्या डेल लॅटिट्यूड ई६४३० मध्ये बसवून घेतलं. ज्यांचं काम जुन्या विंडोजवर अडकलंय, त्यांनी ते जरूर घ्यावं असं माझं स्पष्ट मत आहे. कार्ड नवं नाही. २०१३ साली बाजारात आलेलं, कुठल्यातरी मोडीत गेलेल्या लॅपटॉपमधून काढलेलं. मला साडेसहाशेला मिळालं, बसवायची मजुरी दोनशे.

माझं काम आधी सांगते, कारण कार्ड कुठलं घ्यायचं ते त्यावरच ठरलं. बेळगावजवळ येळ्ळूरला घरीच माझं डीटीपी चालतं. लग्नपत्रिका, वास्तुशांतीच्या पत्रिका, सोसायटीचे अहवाल, दुकानांच्या पाट्या, फ्लेक्स. मराठी मजकूर श्रीलिपीत, कन्नड नुडीत, मांडणी पेजमेकरमध्ये. पाटीवर कन्नड वर आणि मोठं लागतं, मराठी त्याच्या खाली, म्हणजे दोन्ही एकाच फाइलीत. ही सगळी सॉफ्टवेअरं विंडोज ७ वर घट्ट बसलेली आहेत. मुलगी म्हणते, "आई, नवीन घे की आता." पण जुनी फाइल दुसऱ्या मशीनवर उघडली की जोडाक्षरं फुटतात. आडनावातली एक वेलांटी हलली तर छापलेली पत्रिका परत येते, आणि ते घर पुढच्या लग्नाला दुसरीकडे जातं. म्हणून मशीन बदलायचं नाही, हे पक्कं होतं.

अडचण फाइली पाठवताना यायची. आमच्याकडे १०० एमबीपीएसची फायबर लाइन आहे, मोबाईलवर तेवढा वेग मिळतोही. लॅपटॉपवर मात्र संध्याकाळी पाच-सहाच्या वर काटा जात नसे. लॅपटॉपातलं मूळ कार्ड फक्त २.४ गिगाहर्ट्झचं. गल्लीत घराला घर लागून, आणि आता घराघरात राउटर. या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. सगळ्या गल्लीचे राउटर त्याच तिघांत दाटीवाटीनं बसलेले. माझं कार्ड राउटरशी जास्तीत जास्त ७२ एमबीपीएसनं जोडलं जायचं, प्रत्यक्षात हाती येणारा वेग त्याहून खूपच कमी. ३०० एमबीची फ्लेक्सची फाइल कोल्हापूरला पाठवायला सात-आठ मिनिटं, आणि मध्येच तुटली की पहिल्यापासून.

तारेनं जोडता आलं असतं. पण राउटर सोप्यात, माझं टेबल आतल्या खोलीत, आणि उंबऱ्यावरून तार नेली तर सासूबाईंच्या पायात येणार. यूएसबीचा वायफाय डोंगलही दुकानात दाखवला गेला. स्वस्तातले बहुतेक २.४ चेच निघाले. शिवाय लॅपटॉपच्या आतल्या कार्डाच्या अँटेना पडद्याच्या चौकटीत वरपर्यंत गेलेल्या असतात. बाहेर खोचलेल्या बोटभर डोंगलला ती उंची कुठून येणार?

काम करून घेतलं बेळगावात, टिळकवाडीत आरपीडी क्रॉसच्या बाजूच्या एका लहान दुरुस्तीच्या दुकानात. तिथल्या मुलाचं मला फार कौतुक वाटलं. त्यानं मशीन हातात घ्यायच्या आधी विचारलं, "काकू, विंडोज कुठलं हाय? सेव्हन असंल तर एएक्स२०० घिऊ नका. ड्रायव्हर मिळायचा नाही." खरं आहे ते. एएक्स२०० हे इंटेलचंच नव्या पिढीच्या वायफायचं, म्हणजे वायफाय ६ चं कार्ड; त्याला इंटेलनं विंडोज ७ चा ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, दिलेलाच नाही. वर ते एम.२ खाचेचं कार्ड, आणि माझ्या मशीनमध्ये आहे जुनी मिनी पीसीआय एक्सप्रेसची अर्धी खाच. एएक्स२०१ तर आणखी वेगळं, ते इंटेलच्या ठराविक नव्या चिपसेटशिवाय चालतच नाही. नाव जवळजवळ सारखं, म्हणून ऑनलाइन मागवताना लोक फसतात.

७२६० दोन आकारांत येतं. एनजीडब्ल्यू म्हणजे एम.२, एचएमडब्ल्यू म्हणजे अर्धी मिनी पीसीआय. मला एचएमडब्ल्यू हवं होतं, आणि त्यावर जुन्या अँटेना वायरींची टोपणं तशीच बसतात.

त्यानं ड्रायव्हर आधी पेनड्राइव्हवर उतरवून घेतला, कारण कार्ड बदलल्यावर मशीनला इंटरनेटच नसतं. मग बॅटरी काढली, खालचं झाकण उघडलं, वायरींचा मोबाईलवर फोटो काढला आणि मगच त्या सोडवल्या. टोपण सरळ वरून दाबायचं, तिरकं नाही. तिरकं दाबलं की आतली पिन वाकते. तो सगळं मला दाखवत, बोलत करत होता. गिऱ्हाइकाला काउंटरच्या आत बोलावून दाखवणारी दुकानं मी फार कमी बघितली आहेत.

डेलच्या या मशीननं कार्ड विनातक्रार स्वीकारलं. सगळ्यांचं तसं होत नाही. त्याच काळातले लेनोवोचे थिंकपॅड टी४३० आणि एक्स२३० घ्या. त्यांच्या बायॉसमध्ये, म्हणजे मशीन चालू होताना विंडोजच्या आधी चालणाऱ्या प्रोग्राममध्ये, मंजूर कार्डांची यादी असते. यादीबाहेरचं कार्ड दिसलं की १८०२ क्रमांकाचा संदेश येतो आणि मशीन पुढं सरकत नाही. तुमच्याकडे तसं मशीन असेल तर पैसे देण्याआधी हे तपासा.

आता ५ गिगाहर्ट्झवर ८६७ एमबीपीएसची जोडणी दिसते. लाइनच १०० ची असल्यानं हातात नव्वदीच्या आसपास येतात. तीच ३०० एमबीची फाइल अर्ध्या मिनिटात जाते. लग्नसराईत रात्री नऊला गिऱ्हाईक मामांचं नाव बदलून मागतं, प्रेसवाला फाइलीसाठी थांबलेला असतो, तेव्हा याचं मोल कळतं.

उणं काय ते पण सांगते. ५ गिगाहर्ट्झ भिंतीला लवकर हरतं. टेबलावर जोडणी भक्कम आहे, पण परसाकडच्या खोलीत, दोन जाड दगडी भिंतींपलीकडे, पुन्हा २.४ वरच यावं लागतं. ब्लूटूथ चालू झालं नाही. काही जुन्या मशीनमध्ये कार्डाच्या ५१ व्या पिनेवर कॅप्टॉन टेप (वीज न जाऊ देणारी पातळ टेप) लावली की ते जागं होतं, पण मला गरज नव्हती, राहू दिलं. राउटर वायफाय ६ चा असेल तर ७२६० चा जुना ड्रायव्हर त्या नेटवर्कचं नावसुद्धा दाखवत नाही, तेव्हा ड्रायव्हर शेवटचाच टाका. राउटरवर वायफायच्या सुरक्षेची पद्धत नुसती डब्ल्यूपीए३ ठेवली तर विंडोज ७ जोडलंच जात नाही; डब्ल्यूपीए२ किंवा दोन्ही मिळून ठेवावं लागतं. आणि विंडोज ७ ला जानेवारी २०२० पासून मायक्रोसॉफ्टच्या सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळत नाहीत. वेगवान वायफाय आलं म्हणून त्यावर बँकेचं काम करू नका. मी लॅपटॉपवरून फक्त फाइली पाठवते, पैशाचं सगळं मोबाईलवर.