जहाजाचं मॉडेल करून घेतलं, तीन स्टार

नव्या पेठेत शाळेच्या प्रोजेक्टचं सामान विकणारं एक दुकान आहे, तिथं ऑर्डरप्रमाणे मॉडेलही करून देतात. लेक आठवीत आहे. प्रदर्शनासाठी तिनं विषय काढला ‘ओशन व्हायकिंग’, म्हणजे भूमध्य समुद्रात निर्वासितांना बुडताना उचलणारं जहाज. आमच्याकडं नळाला चार-पाच दिवसांआड पाणी, आणि हिला समुद्र!

मालकांना फोटो दाखवला. “होतंय की सर, टायटॅनिक लई केलेत.” तिथंच मला शंका यायला पाहिजे होती. १८०० ठरले, निम्मे आधी दिले. आठ दिवसांनी गेलो तर खिडक्यांच्या चार रांगा आणि मागं निळ्या कागदाचा स्विमिंग पूल. वर लाल स्प्रे थेट थर्माकोलवर मारलेला, त्यानं जहाजाचं नाक विरघळून चाळण झालेली.

मग लेकीनं काउंटरवरच वही उघडली. हे जहाज १९८६ साली नॉर्वेत बांधलं. नॉर्थ सीतल्या तेलाच्या प्लॅटफॉर्मजवळ उभं राहायचं, तिथं काही झालं तर कामगारांना उचलायचं, हेच त्याचं काम. २०१९ पासून एसओएस मेडिटेरनी ही संस्था ते भाड्यानं घेऊन चालवते. डेकवर कंटेनर बसवून पुरुषांना एक निवारा केला, बायका-मुलांना वेगळा, शिवाय दवाखाना. आणि वेगवान रबरी बोटी, कारण एवढं धूड लोकांनी खचाखच भरलेल्या नावेला भिडवलं तर नावच उलटायची.

“म्हंजे पूल काढायचा,” मालक म्हणाले.

दुसऱ्या खेपेला मात्र माणसानं मन लावलं, हे मान्य करायलाच पाहिजे. सगळं सनबोर्डात. कंटेनरची दारं खरंच उघडतात! मी टॉवेलच्या कारखान्यात आहे, तिथनं काठाच्या चिंध्या नेऊन दिल्या होत्या, त्यांच्याच बिजागऱ्या केल्यात. नखानं ओढलं की दार उघडतं, सोडलं की आपसूक मिटतं. हे मी घरी येऊन किती वेळा केलं ते सांगत नाही.

खरं जहाज ६९ मीटर, म्हणून एकास शंभर मापानं आमचं ६९ सेंटीमीटर. त्या मापात माणूस साधारण शेंगदाण्याएवढा. ऑगस्ट २०१९ च्या पहिल्याच फेरीत या जहाजावर ३५६ जण होते आणि त्यांना उतरवायला जवळपास दोन आठवडे बंदर मिळेना, शेवटी माल्टानं घेतलं. लेकीनं दुकानातच ३५६ दाणे मोजून डेकवर आडवे लावले. दीडशेपर्यंत मालक हसत होते. तीनशेच्या पुढं ते गिऱ्हाईक सोडून आले आणि स्वतः कंटेनरची दारं उघडून दाणे आत सरकवायला लागले. चालायला वाट उरली नव्हती. “पप्पा, झोपल्यावर कूस कशी बदलत असतील?” मला काय माहीत.

आता तक्रार. १८०० चे २२०० झाले, ‘डबल काम’ म्हणून. चूक कोणाची होती ओ? प्रदर्शनाच्या आदल्या रात्री नऊला हातात पडलं, रंग ओला. बिल मागितलं तर कच्ची चिठ्ठी.

तरी काम करून घ्यायचं असेल तर मधल्या वेळेत दोनदा जाऊन बघा, पैसे चिठ्ठीवर लिहून घ्या, आणि न्यायला रिक्षा करा. आम्ही स्कूटीवर आणलं, सात रस्त्याला एक रबरी बोट पडली ती पडलीच.