भाव तुटल्यावर कात्री फिरते: नाशिकच्या बाजारात कापड आणि शिवणाचं सामान घेताना

मेन रोडवर कापड घ्यायला गेलेलं माणूस भावात सहसा फसत नाही. शंभराचं सत्तरला मागायचं आणि ऐंशीला तोडायचं, हे नाशिककरांना शिकवावं लागत नाही. फसवणूक होते ती त्यानंतर. भाव आपल्या मनासारखा झाला या समाधानात आपण पैसे काढायला पर्समध्ये बघत असतो, आणि तेवढ्यात मोजून, कापून, घडी घालून पिशवीत माल पडलेलासुद्धा असतो.

सिडकोत घरी ब्लाउज शिवणाऱ्या एका ताईंनी सणाच्या तोंडावर एकाच फेरीत भरलेली पिशवी पुढे ठेवून हे लिहीत आहोत. तीत २० मीटर अस्तर, साडेचार मीटर ‘प्युअर कॉटन’, दोऱ्याचे दोन कोन (मोठी रिळं), सुयांची पाकिटं आणि एक कात्री होती. दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण असलं काम काही एकाच दुकानात चालत नाही.

आधी अस्तर. २० मीटर म्हणून आणलेलं कापड टेबलावर सैल पसरून स्टीलच्या टेपने मोजलं, तर १८ मीटर ३० सेंटीमीटर भरलं. हा आकडा पाहिला की जाणकाराला लगेच कळतं. एक वार म्हणजे ९१.४४ सेंटीमीटर, आणि २० वार म्हणजे १८ मीटर २९ सेंटीमीटर. म्हणजे भाव मीटरचा आणि मोजणी वाराची. एक मीटर सत्तर सेंटीमीटर गेलं, म्हणजे दोन ब्लाउजचं अस्तर गेलं. जुनी लाकडी वारपट्टी काही ठिकाणी अजून गल्ल्यामागे उभी असते. काही ठिकाणी तर पट्टीच नसते. टेबलाच्या कडेला दोन खिळे ठोकलेले असतात आणि त्यांच्यातलं अंतर कोणी मोजलेलं नसतं. दुकानातला गज, म्हणजे मोजायची मीटरपट्टी, धातूचा हवा आणि त्यावर वैध मापन विभागाचा (वजन-मापं तपासणाऱ्या सरकारी खात्याचा) शिक्का हवा. तो दाखवा म्हणून सांगण्यात लाज कसली?

गज बरोबर असला तरी हात बरोबर असतोच असं नाही. कापड गजावर ताणून धरायचं, आणि पुढचं माप घेताना अंगठा दोन-तीन सेंटीमीटर मागे सरकवायचा. दहा मीटरला वीस-तीस सेंटीमीटर असे अलगद निघून जातात. लायक्रा, होजिअरी, क्रेप या कापडांना हे सगळ्यात सोपं, कारण ती मुळातच ताणली जातात. ‘शेठ, टेबलावर सोडून मोजा’ एवढंच म्हणा. अंगठा जागेवर येतो.

पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, हा त्याहून मोठा खड्डा आहे, कारण तिथे कोणी खोटं बोलत नाही, फक्त सांगत नाही. एका दुकानात रुबिया (ब्लाउजचं कापड) आठ रुपयांनी स्वस्त मिळाली म्हणून आनंद होतो, पण ती ३६ इंची असते आणि महागवाली ४४ इंची. ४४ पेक्षा ३६ मध्ये कापड अठरा टक्क्यांनी कमी आहे. मोठ्या मापाचा, कोपरापर्यंत बाहीचा ब्लाउज ४४ च्या पन्ह्यात ९० सेंटीमीटरला बसत असेल, तर ३६ मध्ये पूर्ण मीटर घेऊनही बाही जोडून काढायची वेळ येऊ शकते. शिवाय ४४ म्हणून दिलेलं कापड ४२ भरतं, आणि दोन्ही काठांना टाचणीची बारीक भोकं असलेली पट्टी त्यातच धरलेली असते. कारखान्यात कापड ताणून वाळवताना पिना टोचतात, त्यांची ही भोकं. ती पट्टी कटाईत उपयोगाची नाही. भोकांच्या आतून आत मोजायचं.

आता ते ‘प्युअर कॉटन’. इथे दुकानदार स्वतःहून काडी पेटवून दाखवतो, आणि गिऱ्हाईक तिथेच विरघळतं. जळताना कागदासारखा वास आला, राख मऊ पडली, गोळा झाला नाही, म्हणजे कॉटन, असं बहुतेकांना वाटतं. पण रेयॉन म्हणजे व्हिस्कोससुद्धा अगदी तसंच जळतं, कारण तेही लाकडाच्या लगद्यातलं सेल्युलोजच. जाळून पॉलिस्टर पकडता येतं: ते वितळतं, काळा धूर सोडतं आणि थंड झाल्यावर नखाने न फुटणारा कडक मणी राहतो. रेयॉन पकडायला काडी नको, थेंबभर पाणी हवं. कापडातून एक धागा ओढायचा, मध्यभागी ओला करायचा आणि दोन्ही टोकं धरून खेचायचं. रेयॉन नेमकं ओल्या जागी पटकन तुटतं, कारण भिजल्यावर त्याची ताकद बरीच कमी होते. कॉटन भिजल्यावर उलट मजबूत होतं आणि कुठेही तुटतं. ताईंनी कुर्त्यासाठी आणलेल्या त्या ‘प्युअर कॉटन’चा धागा दर वेळी ओल्या जागीच तुटला. रेयॉन वाईट कापड नाही, त्याचा अंगावरचा पडाव छानच असतो. पण कॉटनच्या भावाने ते का घ्यायचं? धागा काढताना उभा एक आणि आडवा एक, दोन्ही काढा. उभ्यात पॉलिस्टर आणि आडव्यात कॉटन अशी विणकाम केलेली कापडं येतात, आणि दाखवायला दुकानदार नेमका आडवाच काढतो.

खळही बघून घ्या. कोपरा दोन तळव्यांत जोरात चोळला आणि पांढरी भुकटी पडली, तर तो भरदारपणा पहिल्या धुण्यात जाईल आणि हातात जाळी उरेल. ‘आटणार नाही, श्रिंक केलेलं आहे’ या वाक्यावर तर विश्वासच ठेवू नका. घरी ५० सेंटीमीटरची खूण करून कापड अर्धा तास भिजवा, वाळवून इस्त्री करा आणि मोजा. ४८ भरलं तर चार टक्के आटलं. ३६ छातीच्या ब्लाउजला ते जवळजवळ दीड इंच होतं, म्हणजे हुक लागायचे नाहीत.

दोऱ्याच्या कोनावर ५००० मीटर छापलेलं होतं. आता ५००० मीटर दोरा उलगडून कोण बघणार, याच भरवशावर हा धंदा चालतो. पण दोरा वजनाने पकडता येतो. ४०/२ नंबरचा स्पन पॉलिस्टर दोरा हजार मीटरला साधारण साडेएकोणतीस ग्रॅम भरतो. म्हणजे ५००० मीटरचे १४७ ग्रॅम. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर कोन ठेवा आणि रिकाम्या कोनाचं वजन वजा करा. पाच-सात ग्रॅम इकडेतिकडे समजू शकतो. ताईंचा एक कोन ११२ भरला, म्हणजे ३८०० मीटर. कोनावर उत्पादकाचं नाव, लांबी, एमआरपी आणि महिना-वर्ष नसेल तर तो तिथेच परत ठेवा.

सुयांच्या बाबतीत दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नकली पाकीट ओळखायला सुई काचेवर गडगडवायची. वाकडी असेल तर टोक थरथरतं. नाकातून दोरा वीसेक वेळा पुढेमागे ओढायचा. पिंजला तर नाक नीट घासलेलं नाही. चांगल्या सुईच्या बुडाच्या दांड्यावर नंबर कोरलेला असतो. दुसरी गोष्ट म्हणजे चुकीची सुई गळ्यात मारणं. घरगुती मशिनला बुडाशी एका बाजूने चपटी सुई लागते (एचए एक्स १), आणि बऱ्याच इंडस्ट्रियल मशिनला गोल बुडाची (डीबी एक्स १). ‘ताई, सगळ्याला चालते, डोळे झाकून न्या’ असं म्हणून गोलवाली घरगुती मशिनसाठी दिली जाते. ती बसते, म्हणून चूक कळत नाही. पण सुईची उंची आणि खाच जागेवर येत नाही, शटलचं टोक दोऱ्याचा फास उचलत नाही आणि टाके सुटतात. मग मेकॅनिक येतो, टायमिंग बिघडलंय म्हणतो आणि त्याचेही पैसे घेतो. पातळ सिल्क-जॉर्जेटला ९ किंवा ११, ब्लाउजला १४, जीन्सला १६ किंवा १८ नंबर सांगून घ्या.

कात्रीला चुंबक लावून दाखवतात, ‘बघा, अस्सल पोलाद’. चुंबक साध्या पत्र्यालाही चिकटतो. मेरठच्या कात्र्यांना भौगोलिक मानांकन आहे आणि नाव चालतं, म्हणून वाटेल त्या कात्रीवर मेरठ ठोकलेलं असतं. कात्री मिटून उजेडाकडे धरा: पाती टोकाशी टेकलेली आणि मध्ये केसभर फट, अशी हवी. मग जॉर्जेटचा तुकडा दुहेरी करून अगदी टोकाने कापा. टोक कापड चावत असेल तर बाकी चकाकी व्यर्थ आहे. जोड रिव्हेटचा नको, स्क्रूचा घ्या, सैल झाला तर आवळता येतो.

गंगेवरच्या, म्हणजे गोदाघाटावरच्या, बुधवारच्या बाजारातलं कटपीस स्वस्त असतंच, पण पूर्ण उलगडून उजेडात बघा. घडीच्या रेषेवर उडालेला रंग धुऊन परत येत नाही.

ताईंच्या हातात बिल म्हणून जी चिठ्ठी होती, तिच्यावर फक्त एकूण रक्कम होती. पक्क्या बिलावर कापडाचा प्रकार, पन्हा आणि मीटर लिहून घ्या. ‘कॉटन, ४४, ४.५० मी.’ एवढं पुरतं. ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ हा शिक्का सदोष मालाला लागू पडत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार बिलात मुदत नसेल तर ३० दिवसांत असा माल परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. कमी मापाची तक्रार वैध मापन विभागाकडे करता येते. मात्र त्यासाठी कापड धुण्याआधी मोजलेलं हवं, आणि टेप लावलेल्या कापडाचा बिलासकट फोटो हवा. एकदा पाणी लागलं की दुकानदार ‘आटलं असेल’ म्हणून मोकळा होतो.